गोल्फचा स्विंग: कोणतं साधन कधी लावायचं आणि कधी काढून ठेवायचं

स्विंग सुधारण्याचं प्रत्येक साधन एकाच प्रश्नाचं उत्तर देतं. जमिनीवर ठेवलेला पाइप सांगतो की तुम्ही कुठल्या दिशेला तोंड करून उभे आहात. बॉलमागचा खोका सांगतो की क्लब (बॉल मारायची काठी) कुठून आला. टॉवेल सांगतो की क्लब जमिनीला कुठे टेकला. प्रश्न ठरवण्याआधीच साधन मागवलं की महिनाभरात ते कपाटाच्या माथ्यावर धूळ खात पडतं. म्हणून खरेदी शेवटी करायची, आधी दोष पकडायचा. आणि बहुतेक दोषांवरची साधनं बडोद्याच्या मंगळ बाजारात किंवा घरच्या माळ्यावरच सापडतात.

बडोद्यापुरती एक गोष्ट आधी सांगायला हवी. लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारातला गोल्फ कोर्स १९३०च्या दशकात प्रतापसिंहराव महाराजांनी युरोपियन पाहुण्यांसाठी करवून घेतला. १९९०च्या दशकात समरजितसिंह गायकवाडांनी त्याचं नूतनीकरण करून तो लोकांसाठी खुला केला. ते स्वतः रणजी खेळलेले, आणि मोतीबागेचं क्रिकेट मैदानही त्याच राजवाड्याला लागून. साहजिकच इथे गोल्फ शिकायला येणारे बरेच हात आधी बॅट धरलेले असतात. क्रिकेटमध्ये पुढचा कोपर उंच ठेवून ड्राइव्ह मारायला शिकवतात. तोच कोपर गोल्फमध्ये बॉल लागताना बाहेर फाकला की क्लबफेस (क्लबची बॉलला लागणारी सपाट बाजू) उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला, राहतो आणि बॉल उजवीकडे वळत जातो. साधन निवडताना ही जुनी सवय लक्षात ठेवा. (पुढचं सगळं उजव्या हाताने खेळणाऱ्याला धरून लिहिलं आहे. डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलट वाचावं.)

आधी तपासणी

पहिलं साधन म्हणजे व्हाइटबोर्डचा साधा मार्कर. बॉलवर सेंटिमीटरभर ठिपका काढा आणि तो बरोबर क्लबफेसकडे येईल असा बॉल ठेवा. मारल्यावर ठिपक्याचा ठसा फेसवर उमटतो. दर वेळी फडक्याने फेस पुसा, नाहीतर पाचव्या बॉलनंतर कुठला ठसा कुठल्या फटक्याचा ते कळत नाही. असे दहा बॉल ७ नंबरच्या आयर्नने (चपट्या धातूच्या डोक्याचा क्लब) आणि दहा ड्रायव्हरने (सर्वांत लांब क्लब) मारा आणि ठसे टो-कडे (फेसच्या बाहेरच्या टोकाकडे) पडतात, हीलकडे (दांडीच्या बाजूला) पडतात की मधोमध, ते कागदावर टिपून ठेवा. पर्मनंट मार्कर घेऊ नका, त्याचा ठसा नीट उतरत नाही आणि उतरलाच तर निघत नाही.

हे आधी का करायचं? ड्रायव्हरचा बॉल हीलकडे लागला की स्विंगचा मार्ग चांगला असूनही बॉल उजवीकडे वळतो, आणि टो-कडे लागला तर डावीकडे. म्हणजे एखाद्याचा स्लाइस (बॉल उजवीकडे वळत जाणं) निव्वळ हीलवर मारल्यामुळे असू शकतो. त्याने मार्ग सुधारायची साधनं लावली तर जे नीट आहे तेच बिघडेल. त्याने बॉलपासूनचं अंतर आणि तोल यांकडे बघावं.

ठसे मधोमध असतील तरच बॉलची वाट वाचा. बॉल ज्या दिशेला निघतो ती मुख्यतः फेसची दिशा असते. नंतर तो कुठे वळतो ते फेस आणि स्विंगचा मार्ग यांच्यातल्या फरकावर ठरतं. डावीकडे निघून उजवीकडे वळला, तर क्लब बाहेरून (शरीरापासून दूरच्या बाजूने) आत येतोय. सरळ निघून उजवीकडे वळला तरी तोच दोष आहे, फक्त फेस निशाणाकडे आहे. उजवीकडे निघून आणखी उजवीकडे गेला, तर फेस उघडा आहे. मग आधी ग्रिप बघायची: खाली पाहिल्यावर डाव्या मुठीवरची, बोटांच्या मुळाशी असलेली दोन ते अडीच पेरं दिसली पाहिजेत. एकच दिसत असेल तर बोटांच्या जागा साच्यातच बसवलेली ट्रेनिंग ग्रिप मिळते, ती जुन्या क्लबवर चढवून रोज टीव्ही बघताना हातात धरून बसा. विकतच्या साधनांमध्ये नवशिक्याचे पैसे वसूल करून देणारं हे बहुधा एकमेव.

फोनचा स्लो-मोशन व्हिडिओ फुकटात मिळतो, पण कॅमेरा चुकीच्या जागी ठेवला तर तोच खोटं सांगतो. मागून शूटिंग करताना फोन हातांच्या उंचीवर, अडीच-तीन मीटर मागे, आणि पायांची बोटं व बॉल यांच्या मधोमध जाणाऱ्या रेषेवर हवा. बॉलच्या रेषेवर किंवा त्याबाहेर ठेवला तर चांगला स्विंगही आतून आल्यासारखा दिसतो. पायांच्या मागे ठेवला तर उलटं दिसतं. आणि डाउनस्विंगमध्ये (क्लब खाली येताना) शाफ्ट, म्हणजे क्लबची दांडी, धनुष्यासारखी वाकलेली दिसली तर घाबरू नका. फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो, त्याचा तो परिणाम आहे. उजेड जितका जास्त तितका चित्रातला धूसरपणा कमी, म्हणून सकाळी ऊन वर आल्यावर शूट करा.

तीन मीटरचा एक पाइप

इलेक्ट्रिकच्या दुकानात वायरिंगचा २० मिमीचा पीव्हीसी पाइप तीन मीटर लांबीचा मिळतो. दुकानातच कापून घ्या: १.२ मीटरचे दोन तुकडे आणि उरलेला ६० सेंमीचा एक. कापलेली टोकं पॉलिशपेपरने घासा. लाल इन्सुलेशन टेपचे पट्टे दर १० सेंमीवर गुंडाळा, म्हणजे पाइपच मोजपट्टी होतो. लोखंडी सळई वापरू नका. क्लब लागला तर क्लब जातो, आणि बॉल आपटला तर कुठे उडेल ते सांगता येत नाही.

मांडणी अशी. बॉलच्या मागे तीन-चार पावलं जाऊन निशाण पाहा. पहिला लांब पाइप बॉलच्या पलीकडे, १५ सेंमी अंतरावर, निशाणाच्या दिशेला. दुसरा लांब पाइप बुटांच्या टोकांशी, पहिल्याला समांतर. दोघांमधलं अंतर दोन्ही टोकांना लाल पट्ट्यांवरून मोजून सारखं करा. तिसरा छोटा तुकडा या दोघांना काटकोनात, बॉलपासून पायांच्या मध्ये येणारा. ७ नंबरला हा तुकडा दोन्ही टाचांच्या जवळजवळ मध्यावर यावा, ड्रायव्हरला डाव्या टाचेच्या आतल्या बाजूला.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे बुटांजवळचा पाइपही थेट झेंड्याकडे रोखणं. तो झेंड्याच्या किंचित डावीकडे, समांतर जायला हवा. ७ नंबरला साधारण ५५-६० सेंमी डावीकडे. थेट झेंड्याकडे रोखला की तुम्ही उजवीकडे तोंड करून उभे राहता, आणि मग शरीर आपोआप बॉल डावीकडे ओढायला बघतं, म्हणजे तोच बाहेरून आत येणारा मार्ग.

पाय बरोबर पण खांदे उघडे (निशाणाच्या डावीकडे वळलेले), हाही प्रकार फार असतो. उभं राहिल्यावर छोटा पाइप दोन्ही खांद्यांवर आडवा धरा आणि कोणाला तरी मागून बघायला सांगा. नवशिक्यांनी दिशा लावून झाली की बाहेरचा पाइप उचलून ठेवावा, फक्त पायांजवळचा राहू द्यावा. शँक झालेला (क्लबच्या मानेला लागून भलतीकडे उडालेला) बॉल पाइपवर आपटून पायावर आला तर आठवडा जातो.

पाइप तिरका जमिनीत खुपसून स्विंगचा कोन शिकवणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. ते करायचंच असेल तर पाइपवर एसीच्या कॉपर लाइनला लावतात ती काळी फोमची नळी चढवा आणि डोळ्यांवर चष्मा ठेवा. फायबरच्या कांड्या क्लब लागून फुटल्या की कुसळं उडतात. उन्हाळ्यात आपल्या काळ्या मातीत पाइप शिरतही नाही. आधी सहा इंची खिळा ठोकून भोक करावं लागतं. आमच्या मते या साधनाचा त्रास फायद्यापेक्षा जास्त आहे, खालचा खोका तेच काम करतो.

खोका: स्लाइसवर

बुटांचा किंवा फरसाणाचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका. बॉलच्या ३० सेंमी मागे, निशाणाच्या रेषेच्या बाहेरच्या बाजूला ठेवायचा. बाहेरून येणारा क्लब खोक्याला धडकतो, आतून येणारा धडकत नाही. एवढंच.

जागा मात्र नीट मोजा. बॉलमागे क्लब टेकवला की क्लबचा टो बॉलच्या पलीकडे चार-पाच सेंमी गेलेला असतो. खोक्याची आतली कड त्या टोच्या रेषेपासून आणखी तीन सेंमी बाहेर हवी. लोक बॉलपासून तीन सेंमी मोजतात, मग चांगला स्विंगही खोका उडवतो आणि दहा मिनिटांत साधन निकामी ठरवलं जातं.

क्रम असा: क्लब कमरेपर्यंत नेऊन बॉलशिवाय पाच स्विंग, मग अर्ध्या वेगाने पाच बॉल, मग पाऊण वेगाने. पूर्ण वेग पहिल्या दिवशी नको. खोका चुकवायचा म्हणून काही जण हात शरीराला चिकटवून क्लब खूपच आतून आणतात. बॉल उजवीकडे निघून जोरात डावीकडे वळू लागला की समजा, औषध जास्त झालं. तेव्हा खोका बॉलच्या ३० सेंमी पुढे, तितक्याच बाहेर ठेवा, म्हणजे उलट दोष पकडला जातो.

खोका धडकतोच आहे आणि हात ऐकत नाहीत, असं झालं तर कारण बहुतेक वेळा हातांत नसतं. वरून खाली येताना उजवा खांदा आधी पुढे येतो. पाठ निशाणाकडे वळलेली ठेवूनच हात उजव्या खिशापर्यंत खाली सोडा आणि तिथे थांबा. असं पाच वेळा करून मग बॉल.

जमीन कुठे लागते: टॉवेल आणि रांगोळी

आयर्नने मारताना क्लब आधी बॉलला आणि मग जमिनीला लागायला हवा. स्विंगचा सर्वांत खालचा बिंदू बॉलच्या पुढे येतो तेव्हाच हे घडतं. आधी जमीन लागली की फटका फॅट, आणि तळबिंदू मागेच राहून क्लब वर जाताना लागला की बॉल टॉप, म्हणजे वरच्या अंगाला लागलेला.

सरावाच्या रेंजवरच्या मॅटवर फॅट फटका लपून जातो. क्लब मॅटवरून घसरून बॉलला लागतोच, आवाजही बरा येतो, आणि कोर्सवर गेल्यावर तोच फटका निम्म्या अंतरावर पडतो. त्यामुळे मॅटवर खेळणाऱ्याला टॉवेल हवाच. हात पुसायचा टॉवेल चौपदरी करून बॉलच्या २० सेंमी मागे ठेवा. दहापैकी आठ बॉल टॉवेलला न लागता गेले की १५ वर आणा, मग १० वर. १०च्या आत आणायची गरज नाही. हे ७, ८, ९ नंबर आणि वेज (जवळच्या फटक्यांचा क्लब) यांसाठीच आहे. ड्रायव्हरचा बॉल टीवर (छोट्या खुंटीवर) असतो, तिथे टॉवेल काढून ठेवा.

टॉवेल चुकवायला लोक हात वर उचलतात आणि बॉल टॉप होऊ लागतो. तसं झालं की बॉलच काढून टाका आणि रांगोळीची रेघ मारा. रेघ निशाणाच्या दिशेला काटकोनात, दीड मीटर लांब. एक पाय रेघेच्या या बाजूला, दुसरा त्या बाजूला ठेवून उभे राहा. ९ नंबरने अर्धा स्विंग करा, थोडं मागे सरका, पुन्हा स्विंग करा. दहा स्विंग झाल्यावर रेघेकडे बघा. माती उडालेली जागा रेघेवर किंवा रेघेपासून निशाणाच्या बाजूला सुरू झाली पाहिजे. रेघेच्या मागे सुरू होत असेल तर वजन उजव्या पायावरच राहतंय. उपाय म्हणून सुरुवातीलाच डाव्या पायावर बरंच वजन ठेवा आणि ते तिथेच ठेवून स्विंग करा.

चुना वापरू नका, हातांना आणि डोळ्यांना चावतो. पिठाने मुंग्या येतात. रांगोळी दगडाची पूड असते, तेव्हा झाल्यावर क्लबच्या खाचा ब्रशने साफ करा. आणि हे घरच्या अंगणात किंवा प्लॉटवर करा, गोल्फ कोर्सच्या गवतावर केलंत तर माळी रागावतील आणि त्यांचं बरोबरच असेल. मे महिन्यात काळी माती दगडासारखी असते, तेव्हा मनगट आणि कोपर दुखावतात. पावसानंतर वाफसा आला की जमीन या सरावासाठी उत्तम.

काखेतला रुमाल आणि चिंध्यांचं पोतं

वर म्हटलेला फाकणारा कोपर असेल तर डाव्या काखेत रुमालाची घडी धरून ९ नंबरने कमरेपासून कमरेपर्यंतचे स्विंग करा. बॉल गेल्यावरही रुमाल पडता कामा नये. पूर्ण स्विंगला हे वापरू नका. तिथे शेवटी हात शरीरापासून सुटतातच, आणि रुमाल सांभाळायच्या नादात खांदे वळायचे थांबतात.

बॉल लागतानाची अवस्था शिकायला पोतं. धान्याचं प्लास्टिकचं पोतं जुन्या कपड्यांनी ठासून भरा, तोंड शिवा, वरून दुसरं पोतं चढवा. वाळू किंवा माती अजिबात भरू नका, मनगट जाईल. भिंतीलाही टेकवू नका, मार बसल्यावर पोतं थोडं सरकलं पाहिजे. जुन्या स्टील शाफ्टच्या आयर्नने अर्ध्या वेगाने मारा आणि आहात तसे थांबा. डावं मनगट सपाट, हात क्लबहेडच्या मूठभर पुढे, वजन डाव्या पायावर, पट्ट्याचं बक्कल निशाणाकडे वळायला लागलेलं. एका वेळी दहा पुरे. जोर लावून मारणाऱ्यांना पोत्याची सवय लागते आणि कोर्सवरही ते बॉलपाशीच थांबतात.

लय आणि वजन

चांगल्या खेळाडूंच्या बॅकस्विंगचा (क्लब मागे-वर नेण्याचा) वेळ डाउनस्विंगच्या साधारण तिप्पट असतो. हे फोनवर मोजता येतं. सेकंदाला ३० फ्रेमच्या व्हिडिओत बॅकस्विंग २४ फ्रेम आणि डाउनस्विंग ८, किंवा २७ आणि ९. मेट्रोनोमच्या अॅपवर मिनिटाला २०० ठोके लावा: एका ठोक्यावर क्लब हलवायला सुरुवात, त्यानंतरच्या तिसऱ्यावर शिखर, चौथ्यावर बॉल. जमलं की २२५ करा. घरात तबला वाजवणारं कोणी असेल तर ठेका धरून देईल, अॅपपेक्षा ते जास्त चालतं. टोकाला गोळा असलेली लवचीक कांडी मिळते, तिचंही काम हेच. वरून घाईने ओढली की ती हातात लडबडते.

वजनदार क्लब आणि वेग वाढवणाऱ्या हलक्या काठ्या यांवर बडोद्यात निराळा पैसा घालायची गरज नाही. दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिरामुळे मुद्गल या गावाला नवे नाहीत. हलकी जोडी घेऊन खांद्याभोवती सावकाश फिरवली की खांदे आणि मनगटं मोकळी होतात. लगेच जड क्लबने जोरात स्विंग मात्र करू नका. कंबर धरते, आणि वजनाने स्विंग मंदावतो. मुद्गलानंतर नेहमीच्या क्लबने पाच-सहा वेगवान स्विंग बॉलशिवाय करा, मग बॉलकडे वळा.

अगाशीवरचं नेट

घरी नेट लावायचं तर क्रिकेटचं नेट चालत नाही. त्याची भोकं साधारण ५० मिमीची असतात आणि गोल्फचा बॉल ४२.६७ मिमीचा, सरळ आरपार जातो. २५ मिमीपेक्षा बारीक जाळी घ्या आणि ती ताणून बांधू नका, ढिली सोडा. ताणलेली जाळी बॉल परत फेकते. मागे जुनी गोधडी टांगा, भिंतीपासून मीटरभर अंतर ठेवा आणि बॉल जाळीपासून अडीच ते तीन मीटरवर. जुन्या वाड्यांच्या अगाश्या एकमेकींना लागून आहेत, तिथे खरा बॉल मारू नका, फोमचाच मारा. खोलीत स्विंग करायचा असेल तर आधी ड्रायव्हर सावकाश फिरवून पंखा आणि ट्यूबलाइट चुकतात ना ते पाहा.

किती बॉल साधनाने, किती साधनाशिवाय

सगळा वेळ साधन लावून सराव केला की साधन असेपर्यंतच स्विंग चांगला राहतो. म्हणून ४० बॉलची विभागणी अशी करा: पहिले १० साधनाशिवाय, मार्कर लावून. मग ५ साधनाने आणि ५ साधनाशिवाय, असं तीनदा. साधनाशिवायच्या पाचांत चार बरे जाऊ लागले की पुढच्या वेळी प्रमाण ३ आणि ७ करा. एका दिवशी एकच साधन. खोका, टॉवेल आणि काखेत रुमाल एकदम लावणारे रेंजवर दिसतात, त्यांना कुठलीच खबर नीट मिळत नाही.

स्पर्धेत खेळणार असाल तर दोन नियम लक्षात ठेवा. गोल्फच्या नियम ४.३ प्रमाणे राउंडमध्ये पाइप किंवा क्लबवर चढवायचं वजनाचं कव्हर बॅगेत असलं तरी हरकत नाही, पण ते लावून सरावाचा स्विंगसुद्धा केला तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळायच्या प्रकारात) दोन स्ट्रोकचा दंड, आणि राउंडमध्ये पुन्हा केला तर बाद. पाइपची सवय झालेले खेळाडू कोर्सवर क्लबच पायांजवळ आडवा ठेवून उभे राहतात, तेही नियम १०.२ने बंद आहे. एकदा स्टान्स घेतला (पाय लावून उभं राहिलं) की मागे होऊन क्लब उचलला तरी दंड टळत नाही. त्याऐवजी बॉलच्या पुढे हातभर अंतरावर, निशाणाच्या रेषेत आधीपासूनच असलेलं पान किंवा गवताचा वेगळा ठिपका हेरा आणि क्लबफेस त्यावर रोखून मग पाय लावा. सरावातही शेवटचे दहा बॉल असेच मारा.